सीमेवरचा पदकर्ता

ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा मराठी रंगभूमीच्या दृष्टीने फार मोलाचा काळ आहे. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून आपण साजरा करतो. १८४३ साली त्या दिवशी सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, त्याचे ते स्मरण. त्या दिवशी नटराजाच्या मूर्तीला हार पडतो, नांदी म्हटली जाते, भाषणे होतात. परंतु त्याच आठवड्यात आणखी दोन तिथ्या येऊन जातात, त्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात संगीत शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगले. आणि २ नोव्हेंबर १८८५ या दिवशी त्या नाटकाचा कर्ता, बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी आपल्या जन्मगावी कालवश झाला. महाराष्ट्र ज्यांस अण्णासाहेब म्हणून ओळखतो, त्यांच्या नाट्यकर्तृत्वाचा खरा काळ या दोन तारखांमध्ये सामावलेला आहे. तो जेमतेम पाच वर्षांचा भरतो. या पाच वर्षांत त्यांनी मराठी माणसाच्या कानाला जे वळण लावले, ते अद्याप मोडलेले नाही.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा. भाव्यांच्या पहिल्या खेळाचे आणि त्यांच्या जन्माचे वर्ष एकच असावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाव गुर्लहोसूर, आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. घरात मराठी, ओसरीवरून खाली उतरले की कानडी, अशी त्या मुलखाची रीत. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ते गावीच शिकले. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकदमच त्यांच्या कानी पडल्या व अंगी मुरल्या. पुढे धारवाड, कोल्हापूर आणि पुणे असा शिक्षणाचा प्रवास झाला. पण पुण्यास आल्यावर पुस्तकांपेक्षा नाटकांनीच त्यांना अधिक ओढले. नाटकमंडळ्यांना पदे रचून द्यावीत, तालमी पाहाव्यात, यात दिवस जाऊ लागले. परीक्षा मागे पडल्या. १८६६ साली त्यांनी भारतशास्त्रोत्तेजक मंडळी या नावाची एक नाटकमंडळी उभारली, परंतु ती फार काळ टिकली नाही. संसाराची गरज म्हणून त्यांनी बेळगावला शिक्षकाची नोकरी धरली, मध्यंतरी पोलिस खात्यात काम केले, आणि पुढे पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते रुजू झाले. १८७३ साली त्यांनी शांकरदिग्जय हे गद्य नाटक लिहिले. सदतीस वर्षांचे होईपर्यंत या गृहस्थाच्या हातून काही विलक्षण घडेल असे सांगण्याचे धाडस कोणा ज्योतिषानेही केले नसते. कचेरीत खर्डेघाशी करणारा, गाण्याचा शौकीन, चार मित्रांत रमणारा एक कारकून, एवढीच त्यांची ओळख होती.

त्यांनी काय केले हे समजण्यासाठी त्यांच्या आधीचे नाटक कसे होते ते पाहिले पाहिजे. भाव्यांच्या पद्धतीच्या खेळात पदे सूत्रधार म्हणे. पात्रांनी त्यावर अभिनय करावा आणि मग त्या प्रसंगाला साजेसे भाषण आपल्या समयस्फूर्तीने करावे, असा तो प्रकार. म्हणजे गाणे एकाचे, दुःख दुसऱ्याचे. सीता रडे आणि तिचे रडणे सूत्रधार टाळ वाजवून सांगे. पात्राच्या तोंडी पद घालण्याचे प्रयत्न अण्णासाहेबांच्या अगोदर झाले नव्हते असे नव्हे. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे नलदमयंती हे संगीत नाटक १८७९ सालचे आहे, आणि त्याचा मान त्यांना दिलाच पाहिजे. परंतु गद्य आणि पद यांची वीण एकाच हाताने, आरंभापासून शेवटपर्यंत आखून घालणे, आणि पात्राचे मन जेथे भाषणात मावेनासे होते नेमक्या तेथेच त्याला पद देणे, हे शाकुंतलाने प्रथम साधले. १८८० साली पुण्यात एका पारशी मंडळीचा इंद्रसभेचा खेळ झाला. तो पाहून, असे मराठीत का होऊ नये, हा विचार अण्णासाहेबांच्या मनात आला, असे नाट्येतिहास सांगतो. कालिदासाचे शाकुंतल त्यांनी हाती घेतले आणि काही महिन्यांतच त्याचे चार अंक रंगभूमीवर आणले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर कण्व झाले, शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले, आणि स्वतः कर्ता सूत्रधार म्हणून पुढे उभा राहिला.

आता या पदांच्या रचनेकडे वळू. शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदे आहेत. ती रचताना अण्णासाहेबांपुढे जी अडचण होती, तिचा विचार सहसा होत नाही. कालिदासाच्या श्लोकाला अंत्ययमक नाही. संस्कृत काव्यशास्त्रात यमक हा शब्द आहे, परंतु तेथे त्याचा अर्थ वेगळा. तीच अक्षरे निराळ्या अर्थाने पुन्हा यावीत असा तो एक अलंकार. चरणाच्या शेवटी नाद जुळलाच पाहिजे असे बंधन संस्कृत वृत्तांना नाही. लघुगुरूंच्या काटेकोर मांडणीतूनच तेथे नाद निर्माण होतो. मराठीचे तसे नाही. आपली ओवी पहिल्या तीन चरणांत यमक साधते आणि चौथा चरण आखूड ठेवून मोकळा सोडते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. मोरोपंतांनी तर आर्येत यमकाची अशी काही कसरत केली की तो त्यांच्या नावाचाच गुण होऊन बसला. मराठी कानाला कविता ऐकू येते ती यमकातून. तेव्हा ज्या श्लोकाला मुळात यमक नाही, त्याला मराठीत यमक द्यावयाचे. आणि ते देताना कालिदासाचा अर्थ सांडू द्यावयाचा नाही, हा पहिला पेच.

दुसरा पेच चालीचा. आजचा कवी बहुधा आधी शब्द लिहितो आणि संगीतकार त्याला चाल लावतो. अण्णासाहेबांचा क्रम बहुतांशी उलटा होता. चाल आधीच ठरलेली असे. ती कीर्तनातली असे, लावणीची असे, स्त्रियांच्या घरगुती गाण्यांतली असे, आणि पुष्कळदा लहानपणी कानावर पडलेली कानडी असे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी ही जुनी भांडी त्यांनी घासूनपुसून पुन्हा वापरात काढली. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा, सोळा आणि बारा अशा विभागलेल्या. दिंडीत एकोणीस, त्यात नववीनंतर यती. ठरलेल्या चालीत, ठरलेल्या मात्रांत, ठरलेला अर्थ बसवावयाचा आणि ओळ संपताना यमक ठेवावयाचे, ते सुद्धा असे की कडवे संपून गाणारा ध्रुपदाकडे वळला की त्या वळणावर ठेच लागता कामा नये. नाट्यपदाचे यमक हे नुसते ओळीचे कुलूप नसते. ते पुन्हा ध्रुपदाच्या दारात नेऊन सोडणारी पायवाट असते. अंतऱ्याचा शेवटचा शब्द ध्रुपदाशी नादाने जुळला नाही, तर चाल कितीही गोड असो, पद पांगळे होते.

मराठीत यमक जुळविणे सोपे आहे, हे खरे आणि तोच धोका आहे. आपली क्रियापदे प्रत्ययांनी संपतात. येतो, जातो, घेतो, देतो. आली, गेली, केली, झाली. अशी शेकडो जोड्या हात जोडून उभ्या असतात. सगळ्या ओळी क्रियापदावर संपविल्या की यमक आपोआप पडते आणि कविता तितक्याच आपोआप मरते. ज्या यमकात एका ओळीच्या शेवटी नाम असते आणि दुसरीच्या शेवटी क्रियापद, माला या शब्दाशी आला हा शब्द भेटतो, तेथे कानाला किंचित अनपेक्षिताचा आनंद होतो; आणि ते दोन शब्द अर्थानेही एकमेकांना ओळखत असतील, तर मग पद स्मरणात घर करते. अण्णासाहेबांनी सर्वत्र हे साधले आहे असा दावा आम्ही करणार नाही. शाकुंतलात पादपूरणासाठी घातलेले शब्द आहेत, ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व केलेले आहे, बोलण्यातल्या क्रमाची ओढाताणही आहे. मूळ परक्याचे, चाल परक्याची, आणि बंधने आपली, अशा स्थितीत ते अपरिहार्यच होते.

यमकाचा एक व्यावहारिक उपयोगही विसरता येत नाही. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. दिव्यांच्या उजेडात खेळ रात्रभर चाले. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ओळीतला एखादा शब्द ऐकू आला नाही, तर यमकाच्या आधाराने तो त्याला सापडे. पहिल्या ओळीचा शेवट ऐकला की दुसरीचा शेवट काय असेल याची चाहूल लागे. नटालाही तोच आधार. एकेका नटाच्या तोंडी इतकी पदे, मंडळी गावोगाव हिंडणारी, आज शाकुंतल तर उद्या दुसरे नाटक. यमकाने बांधलेली ओळ स्मृतीतून निसटत नाही. गाणाऱ्याच्या गळ्याचाही विचार त्यात असे. ओळीच्या अखेरीस मोकळा आकार आला की आवाज पसरावयास जागा मिळते; तेथे जोडाक्षर आले की गळा अडतो. स्वतः गाणे जाणणाऱ्या कर्त्यालाच हे कळते.

दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, संगीत सौभद्राचे पहिले तीन अंक पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात झाले, आणि येथे अण्णासाहेब मोकळे झालेले दिसतात. कथा महाभारतातली असली तरी नाटक त्यांचे स्वतःचे. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यावयाची आहे, तिचे मन अर्जुनावर आहे, आणि कृष्ण सर्वांना आपल्या मनासारखे वागू देत आहे असे भासवून शेवटी स्वतःच्या मनासारखे घडवून आणतो. देवांचे हे घर वस्तुतः आपल्याच आळीतले एक मराठी घर आहे. थोरला भाऊ तापट, धाकटा लबाड, बहीण हट्टी. त्यामुळे पदांची भाषाही माजघरातली झाली. शब्द घरातले असले की यमकही घरातच सापडते. ते संस्कृत कोशातून काढून आणावे लागत नाही. सौभद्रातली शंभराहून अधिक पदे मराठी माणसाने जी आपली मानली, त्याचे कारण केवळ चालीत नाही. बोलता बोलता माणूस गाऊ लागावा आणि गाता गाता पुन्हा बोलू लागावा, इतके ते शब्द बोलीच्या जवळ आहेत.

त्याच १८८२ साली बडोद्याचा एक तरुण मंडळीत आला. भाऊराव कोल्हटकर हे त्याचे नाव. त्यांची शकुंतला आणि सुभद्रा ज्यांनी ऐकली, त्यांनी ती आयुष्यभर विसरली नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाव सर्वतोमुखी झाले. २० ऑक्टोबर १८८४ रोजी रामराज्यवियोगाचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. त्यात भाऊरावांनी मंथरेचे काम केले. ते नाटक मात्र पुरे व्हावयाचे नव्हते. पुढल्याच वर्षी अण्णासाहेब गुर्लहोसूरला परतले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या कानडी-मराठी अंगणात त्यांचे कान तयार झाले, त्याच अंगणात त्यांचा आवाज थांबला.

पुढची परंपरा सर्वश्रुत आहे. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेबांचा विद्यार्थी असलेले गोविंद बल्लाळ देवल यांनी गुरूचे ऋण फेडले. १८९९ च्या शारदेत त्यांनी सौभद्राची घरगुती भाषा सामाजिक प्रश्नाच्या सेवेस लावली आणि इतकी सहज यमके साधली की ती जुळविलेली आहेत हेही ध्यानात येत नाही. १८९६ च्या वीरतनयापासून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या नव्या चाली आणल्या. त्या चालींच्या तुकड्यांत शब्द बसविताना पदाचा अर्थ पुष्कळदा कोड्यासारखा झाला. १९१६ च्या स्वयंवरात खाडिलकरांच्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी रागदारीचे वैभव दिले. बालगंधर्वांच्या काळात गाणे एवढे फुलले की त्याने नाटकाला झाकून टाकले. आम्ही त्या गाण्याचे भक्त आहोत. तरीही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पहिल्या ओळीचे यमक आणि दुसऱ्या ओळीचे यमक यांच्यामध्ये पाच मिनिटांचा तानपलटा आला की कान त्या दोन शब्दांचे नाते विसरतो. यमक कागदावर उरते, ऐकण्यात उरत नाही. पदाची मैफल झाली तेव्हाच पदातला शब्द दुबळा होण्यास सुरुवात झाली.

हे सर्व आज का लिहावे, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर गोमंतकातही आहे आणि गोमंतकापासून दूर, पेनगंगेच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातही आहे. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू, बाजाराची तेलुगू, रानावनातली गोंडी आणि कितीतरी घरांतली मराठी. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग त्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तेलंगणात आहे, आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरच्या रेषा बदलत गेल्या, घरातली भाषा मात्र नदी ओलांडून आली-गेली नाही. ती दोन्ही काठांवर होतीच. अशा मुलखातल्या मुलाला मराठी कोठून मिळते? शाळा बहुधा तेलुगू वा इंग्रजी, पाटी तेलुगू, पोटापाण्याची वाट हैदराबादकडे जाणारी. मराठी मिळते ती आजीच्या ओवीतून, सप्ताहातल्या अभंगातून, कीर्तनकाराच्या साकीदिंडीतून. म्हणजे यमकातून मिळते. गद्य विसरले जाते. यमकाने बांधलेली ओळ विसरत नाही. ज्या भाषेला शाळेचा आणि सरकारचा आधार नाही, तिची शिदोरी यमकात बांधलेली असते.

गोमंतकीयांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज अमदानीत मराठीला राज्यकर्त्यांचा आधार नव्हता. तरीही देवळाच्या प्रांगणात जत्रेच्या रात्री सौभद्र झाले, शारदा झाली, संशयकल्लोळ झाले; दिवसा शेतात आणि दुकानात राबणाऱ्यांनी तोंडाला रंग लावून ती केली. मंगेशीच्या दीनानाथांसारखा गायक नट याच मातीतून मराठी रंगभूमीला मिळाला. १९६१ पर्यंत या भूमीने मराठीशी जे नाते राखले, त्यात त्या रात्रींचा वाटा छापील पुस्तकापेक्षा कमी नव्हता. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनाही सुभद्रेची पदे तोंडपाठ होती.

अण्णासाहेब सीमेवरचे होते, हे आपण विसरतो. मराठी नाट्यपदाचा पाया पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाने घातला नाही; कानडी मुलखात वाढलेल्या माणसाने घातला. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा असलेला कान अधिक जागा असतो. शेजारची चाल त्याला परकी वाटत नाही आणि घरचा शब्द त्याला आयता मिळालेला नसतो. तो त्याने जपून ठेवलेला असतो. सीमेवरच्या मराठीकडे आपण नेहमी दयेने पाहतो, वादाचा विषय म्हणून पाहतो, मोर्चा आणि ठराव यांच्या भाषेत बोलतो. त्या मराठीने आपल्याला काय दिले याचा हिशेब आपण मांडीत नाही. तो मांडला तर ऋणको कोण आणि धनको कोण, याचा उलगडा होईल.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. नाट्यसंगीताचे कार्यक्रम पुष्कळ होतात, परंतु त्यांत पद गायले जाते, वाचले जात नाही. प्रत्येक कार्यक्रमात निदान एक पद आधी सावकाश, यमक ऐकू येईल असे म्हणून दाखवावे आणि मग गावे. शाळांनी साकी आणि दिंडी मुलांकडून वहीत लिहून न घेता तोंडाने म्हणवून घ्यावी. आणि ज्या नाट्यसंस्था दरवर्षी मोठ्या शहरांचे दौरे करतात, त्यांनी एखादा खेळ पेनगंगा ओलांडून आदिलाबादेत करावा. सौभद्राला मोठा सरंजाम लागत नाही. एक पेटी, एक तबला, चार पडदे आणि स्पष्ट उच्चाराची माणसे असली की पुरे. तेथल्या शेवटच्या रांगेत एखादा मुलगा बसलेला असेल, घरात मराठी आणि ओसरीखाली तेलुगू बोलणारा. पहिल्या ओळीचा शेवट ऐकून दुसरीचा शेवट त्याने मनाशी आधीच जुळविला, तर अण्णासाहेबांचे श्राद्ध झाले असे आम्ही समजू.